पेनाने काढलेली वाकडी चौकट: सॉफ्टवेअरची आखणी करताना टॅब्लेटने आपली रेघ सरळ करावी का?

आडवा_धागा, सोलापूर | शनिवार रात्री १०:४०

मंडळी, एक विषय बरेच दिवस मनात घोळतोय. इथे सॉफ्टवेअरवाले आहेत, यंत्रमागवाले आहेत, शिकवणारेही आहेत, म्हणून इथेच मांडते. थोडं लांबण लागेल.

विजापूर रोडला आमचं दोघींचं छोटं ऑफिस आहे. चादरी-टॉवेलच्या कारखान्यांना लागणारं सॉफ्टवेअर आम्ही करतो. सुताचा साठा, बीमचा (उभे धागे गुंडाळलेल्या रुळाचा) हिशोब, ऑर्डरी, कामगारांची मजुरी वगैरे. दोन वर्षांपूर्वी अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका कारखान्याचं काम मिळालं. १५ दिवस खपून आम्ही २२ स्क्रीन कॉम्प्युटरवर आखल्या. रंग, बटणं, वरच्या पट्टीत चादरीच्या काठाची नक्षी, सगळं नेटकं. रंगीत प्रिंट काढल्या, स्पायरल बाइंडिंग केलं आणि मालकांपुढे ठेवलं. मालक म्हणाले, छान. दिवाणजींनी एकेक पान उलटून पाहिलं, मान हलवली. आम्ही हुरूप येऊन तीन महिने काम केलं.

चालू करायच्या पहिल्याच दिवशी मजुरीचा हिशोब बसेना. एका पाळीत एका मागावर एक कामगार, असं आम्ही धरलं होतं. प्रत्यक्षात एक माणूस दोन माग सांभाळतो, मधेच घरून निरोप आला तर त्याच्या जागी बदली कामगार उभा राहतो, आणि त्या पाळीत उतरलेले नग दोघांत वाटले जातात. दिवाणजी हे रोज वहीत लिहीत होते. मी विचारलं, "मग तेव्हाच का नाही सांगितलं?" ते म्हणाले, "तुम्ही छापून आणलं होतं मॅडम. छापलेलं बदलायला कसं सांगायचं?"

हे वाक्य माझ्या डोक्यातून आजही जात नाही. चूक त्यांची नव्हती. मी त्यांच्यापुढे प्रश्न ठेवायला हवा होता, ठेवलं होतं उत्तर.

पुढच्या कारखान्यात मी काहीच आखून नेलं नाही. फक्त पेनवाला टॅब्लेट नेला. तिथल्या दिवाणजींशेजारी बसले आणि त्यांच्यासमोर काढायला लागले. एक चौकट, आत 'माग'. दुसरी चौकट, आत 'कामगार'. मधे एक रेघ. ते बघत होते. म्हटलं, "दिवाणजी, तुम्ही काढा पुढचं." आधी नको-नको केलं, मग पेन हातात घेतलं. वहीवर लिहिताना टेकवतात तसा अख्खा तळहात काचेवर टेकवला. तळहाताची रेघ उमटत नाही असं दिसल्यावर जरा धीट झाले. 'बदली' म्हणून एक चौकट काढायला घेतली. त्यांचा हात थोडा थरथरतो, चौकट पतंगासारखी तिरकी आली. शेवटच्या कोपऱ्यावर ते विचार करत थांबले, पेन काचेवर तसंच टेकलेलं. त्या ॲपमध्ये रेघ काढून पेन क्षणभर धरून ठेवलं की आकार आपोआप सरळ होतो. त्यांची तिरकी चौकट त्यांच्या डोळ्यांदेखत टचकन सरळ झाली.

त्यांनी हात मागे घेतला. म्हणाले, "चुकलं का माझं?"

बास, तिथेच मला कळलं. ॲपला वाटलं आपण मदत केली. दिवाणजींना वाटलं मास्तरांनी लाल शाईने दुरुस्त केलं. मी सेटिंगमध्ये जाऊन ती सोय बंद केली, त्यांची तिरकी चौकट परत आणली आणि पेन पुन्हा त्यांच्या हातात दिलं. पुढची ४० मिनिटं पेन मला मिळालंच नाही. माग आणि कामगार यांच्यामधली माझी रेघ त्यांनी खोडली, मधे आपली चौकट घातली. तिच्यात पाळी, तारीख, किती वाजता कोण उभा राहिला, किती नग उतरले. डेटाबेसवाल्यांना सांगायचं तर मेनी-टू-मेनी नातं होतं, म्हणजे एका मागावर अनेक कामगार आणि एका कामगाराकडे अनेक माग, आणि ते जोडणारा मधला तक्ता त्यांनी स्वतः काढून दिला. हा शब्द त्यांनी आयुष्यात ऐकलेला नाही. शेजारी त्यांनी तेलुगूत काहीतरी लिहिलं, खाली मराठीत आकडे. की-बोर्डवर हे झालंच नसतं. आपल्या सोलापुरात माणूस घरी एका भाषेत बोलतो, कामावर दुसऱ्या, हिशोब तिसऱ्या. पेनाला भाषा निवडावी लागत नाही.

तर माझं म्हणणं असं: आखणी चालू असते तोवर चित्र कच्चंच दिसलं पाहिजे. जे साधन ते लवकर पक्कं करतं ते समोरच्याचं तोंड बंद करतं. तुमचा अनुभव काय? कोणती साधनं वापरता? आणि कच्च्याचं पक्कं नेमकं कधी करता?

---

हुतात्मा_एक्सप्रेस | शनिवार रात्री ११:२५

ताई, फार छान लिहिलंय. मी पुण्यात नोकरीला, शनिवार-रविवार घरी. आमच्याकडे उलटं असतं, पहिल्याच मीटिंगला सगळं गुळगुळीत स्क्रीनवर. लोक मग बटणाच्या निळ्या रंगावर अर्धा तास बोलतात आणि मूळ गोष्ट राहून जाते.

एक सांगा, आता नेमकं काय वापरता? टॅब्लेट कुठला, ॲप कुठलं?

---

आडवा_धागा | शनिवार रात्री ११:५०

दोन गोष्टी आहेत. कारखान्यात जाताना स्क्रीनवरच लिहिता येईल असा टॅब्लेट. ऑफिसात लॅपटॉपला जोडायची साधी, स्क्रीन नसलेली पेनाची पाटी.

ॲप म्हणाल तर बहुतेक वेळा एक्सकॅलिड्रॉ. ब्राउझरमध्ये चालतं, फुकट आहे, मुक्त स्रोत (कोड सगळ्यांना खुला) आहे, २०२० च्या जानेवारीत सुरू झालं. त्यातला पेन्सिलचा पर्याय घेतला की जशी काढाल तशी रेघ राहते. पेन टेकलं की ते ओळखतं आणि मग बोटाने रेघ उमटत नाही, त्यामुळे तळहाताचा त्रास नाही. चौकट-बाणाचे तयार आकार घेतले तरी ते मुद्दाम हाताने काढल्यासारखे, दुहेरी रेघेचे दिसतात. ती खोटी वाकडी रेघ आहे हे मलाही माहीत आहे, पण तिचासुद्धा उपयोग होतो. समोरच्याला कळतं की हे अजून ठरलेलं नाही. एकच अडचण, देवनागरी टाइप केलं की अक्षर एकदम छापील दिसतं. म्हणून मी नावं हातानेच लिहिते.

छापील नमुन्यावर, म्हणजे त्यांच्या जुन्या चलनावर, मजुरीच्या वहीच्या फोटोवर खुणा करायच्या असतील तर झोर्नल++. तेही मुक्त स्रोत.

---

प्रा_काळीमाती | रविवार सकाळी ७:१०

मी इथल्याच एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवतो. ताईंनी जो प्रश्न काढलाय तो या विषयाच्या मुळाशी आहे आणि साठ वर्षं जुना आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

आयव्हन सदरलँड यांनी १९६३ मध्ये एमआयटीत पीएचडीसाठी स्केचपॅड केलं. टीएक्स-२ नावाच्या संगणकाच्या पडद्यावर लाइट पेनाने रेघा काढायच्या. माउसचा पहिला नमुनासुद्धा तोवर झालेला नव्हता, म्हणजे पेन माउसच्या आधी आलं हे लक्षात घ्या. स्केचपॅडची खरी कमाल अशी की तुम्ही ओबडधोबड काढायचं आणि मग सांगायचं, या दोन रेघा समांतर, या दोन सारख्या लांबीच्या. संगणक आकृती त्या अटींत बसवून द्यायचा. म्हणजे पहिल्या दिवसापासून ओढ सरळ करण्याकडे होती. आणि पुलाचा सांगाडा किंवा यंत्राचा भाग काढताना ते योग्यच आहे.

पुढे रँड या अमेरिकी संशोधन संस्थेत १९६४ ला रँड टॅब्लेट आला. साधारण १० इंचांच्या चौरस पाटीवर पेनाची दहा लाखांहून जास्त ठिकाणं ओळखणारा. त्यावर त्यांनी ग्रेल नावाची यंत्रणा उभी केली, आणि ती सॉफ्टवेअरच्या आखणीसाठीच होती. हाताने फ्लोचार्ट, म्हणजे कामाच्या पायऱ्यांची आकृती, काढायचा. चौकट काढली की तिच्या जागी लगेच नेटकी चौकट, अक्षर काढलं की छापील अक्षर. नको असेल ते पेनाने गिरबटलं की पुसलं जायचं. साठच्या दशकात हे चालत होतं. मुलांना सांगितलं की त्यांचा विश्वास बसत नाही.

वळण आलं ते १९९५ च्या सुमारास. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात जेम्स लँडे यांनी सिल्क नावाचं साधन केलं. चौकटीत नागमोडी रेघ काढली तर सिल्क ओळखायचं की हे बटण आहे आणि आतली नागमोड म्हणजे अक्षरं. पण ओळखून गप्प राहायचं. चित्र तसंच वाकडं ठेवायचं, आणि चालवून पाहायचं म्हटलं तर ते वाकडं बटण दाबता यायचं. ताईंच्या दिवाणजींना जे हवं होतं ते हेच, म्हणजे समजून घ्या पण दुरुस्त करू नका. नंतर २००० मध्ये बर्कलीत डेनिम आलं, वेबसाइटच्या आखणीसाठी. त्यात तर ओळखण्यावर भर आणखी कमी. लांबून पाहिलं की अख्ख्या साइटचा नकाशा, जवळ गेलं की एकेका पानाचं रेखाटन, अशा पाच पायऱ्या.

त्याच वर्षी डेन्मार्कमधल्या ऑर्हुस विद्यापीठातून नाइट नावाचं साधन आलं. मोठ्या इलेक्ट्रॉनिक फळ्यावर पेनाने यूएमएलच्या, म्हणजे सॉफ्टवेअरची रचना ठरावीक चिन्हांनी दाखवायच्या पद्धतीच्या, आकृत्या काढायच्या. त्यांनी दोन्ही ठेवलं. एका पद्धतीत आकार ओळखून नेटके होतात, दुसऱ्यात रेघ जशी आहे तशी. निवड माणसाच्या हातात.

ही निवड का लागते त्याचं उत्तर मारियन पेत्रे यांच्या २०१३ च्या अभ्यासात आहे. त्यांनी सॉफ्टवेअर करणाऱ्या ५० जणांच्या मुलाखती घेतल्या. त्यातले ३५ यूएमएल वापरतच नव्हते. आम्ही वर्गात यूएमएल सेमिस्टरभर शिकवतो, मीही शिकवतो आणि पुढेही शिकवीन. पण चिन्हांची भाषा आधी आणि विचार नंतर असा क्रम लावला की विद्यार्थी बाणाचं टोक पोकळ की भरीव यातच अडकतात. या वर्षी पहिले दोन तास मी पाट्या आणि खडू दिले होते. परिणाम चांगला दिसला.

---

जुळे_सोलापूरकर | रविवार सकाळी ९:०५

सर, लै भारी माहिती. मला एक कळेना, ती ॲपं वाकडी चौकट चौकटच आहे हे ओळखतात कशी? एवढं एआय असतंय का त्यात?

---

प्रा_काळीमाती | रविवार सकाळी ९:४०

तेवढं लागत नाही. वन डॉलर रेकग्नायझर नावाची पद्धत २००७ मध्ये आली, ती शंभरेक ओळींत लिहून होते. तुमची रेघ घ्यायची, तिच्यावर सारख्या अंतरावर ६४ ठिपके ठेवायचे. मग ती फिरवून एका ठरावीक दिशेला लावायची, ठरावीक मापात बसवायची, मध्य शून्यावर आणायचा. आता साठवलेल्या नमुन्यांशी ठिपक्याला ठिपका लावून अंतर मोजायचं. ज्याच्याशी अंतर सर्वांत कमी तो आकार. प्रत्येक आकाराचे तीन नमुने दिले तरी ९९ टक्के बरोबर ओळखलं असं त्या लेखकांच्या चाचणीत आलं.

मर्यादा मात्र त्याच युक्तीतून येतात. सगळं एका मापात बसवल्यामुळे चौरस आणि आयत त्याला सारखेच. फिरवून घेतल्यामुळे वर जाणारा बाण आणि खाली जाणारा बाण सारखेच. आणि एकाच रेघेचे आकार चालतात. आपलं देवनागरी अक्षर त्यात बसवून बघा. आपण आधी अक्षरं काढतो आणि शिरोरेघा शेवटी एकदम ओढतो. माझ्या दोन विद्यार्थ्यांनी प्रकल्पाला हे घेतलं होतं, शिरोरेघेवर त्यांचा महिना गेला. पण शिकले भरपूर.

---

पक्का_हिशोब | रविवार दुपारी १२:१५

चर्चा चांगली आहे पण मला स्पष्ट विरोध नोंदवायचाय. माझा २० वर्षांचा धंदा आहे, छोट्या दुकानदारांना आणि कारखान्यांना बिलिंगची सॉफ्टवेअरं देतो. कच्च्या चित्रावर काम केलं की सहा महिन्यांनी ग्राहक म्हणतो, आम्ही असं सांगितलंच नव्हतं. माझे एका कामाचे पैसे असेच अडकले ते आजतागायत. तेव्हापासून मी छापील कागदावर प्रत्येक पानाला सही घेतो. ग्राहकाला बोलतं करणं ही चांगली गोष्ट, पण वाकडी चौकट कुणावर बंधनकारक होत नाही.

दुसरं, हे सगळं वहीवर आणि पांढऱ्या फळ्यावरही होतं. टॅब्लेटचा खर्च कशाला?

---

आडवा_धागा | रविवार दुपारी १:००

दादा, पैसे अडकले हे वाचून वाईट वाटलं. तो मुद्दा अगदी खरा आहे आणि माझ्या पहिल्या पोस्टमध्ये तो सुटला.

मी आता असं करते. चित्रावर सही घेतच नाही. बैठक झाली की त्याच रात्री चित्र पाहून साधी मराठी वाक्यं लिहिते, क्रमांक घालून. 'एका पाळीत एका मागावर एकापेक्षा जास्त कामगार असू शकतात.' 'नग उतरतील तेव्हा मागावर जो उभा असेल त्याच्या नावावर.' सही या वाक्यांवर. चित्र मागे तारखेसह जोडलेलं. भांडण होतं ते वाक्यावरून होतं, आकृतीवरून कुणी भांडत नाही. आणि वाक्य वाचताना दिवाणजींना आपणच काढलेलं आठवतं, त्यामुळे ते ठाम असतात.

वहीचं म्हणाल तर वही उत्तमच, मीही वापरते. टॅब्लेटचा फायदा मला तीन ठिकाणी झाला. एक, खोडलेलं नाहीसं होत नाही. बैठकीत दर थोड्या वेळाने मी पानाची प्रत काढून पुढे जाते, त्यामुळे आपण कुठून कुठे आलो ते दिसतं. दोन, चौकट उचलून दुसरीकडे ठेवता येते, आणि आखणीत अर्धं काम तेच असतं. तीन, माझी जोडीदार ऑफिसात बसून तेच चित्र त्याच क्षणी पाहते आणि फोनवर विचारते, "सुट्टीच्या दिवशी काय?" हा प्रश्न मला तिथे सुचलेला नसतो.

---

जकार्डवाले_काका | रविवार दुपारी ४:३०

माझ्या नातवाने हा धागा वाचून दाखवला, मी सांगतोय आणि तो लिहितोय. मी चादरीची डिझाइनं काढण्यात ३५ वर्षं घालवली. तुमचं सॉफ्टवेअर मला कळत नाही, पण हा कच्च्या-पक्क्याचा प्रश्न आमच्याकडे रोजचा होता.

जकार्डच्या चादरीवर मोर काढायचा असला तर शेवटी तो ग्राफवर जातो. ग्राफचा एक चौकोन म्हणजे एक उभा आणि एक आडवा धागा जिथे भेटतात ती जागा. चौकोन भरला तर उभा धागा वर, मोकळा ठेवला तर खाली. मग ग्राफच्या एकेका ओळीचं एकेक कार्ड पंच करायचं. भरलेल्या चौकोनाला भोक. मागावर ते कार्ड फिरतं आणि मोर उतरतो. फ्रान्समध्ये १८०४ साली हा माग निघाला आणि तुमच्या कॉम्प्युटरची भोकाची कार्डं त्याच्यावरूनच आली असं नातू म्हणतो.

पण आम्ही मोर कधीच आधी ग्राफवर काढला नाही. आधी साध्या कागदावर, पेन्सिलने, हात मोकळा सोडून. कारण ग्राफवर मोराची मान पायऱ्यापायऱ्यांची होते. तुमच्या हातात आधी ती गोलाई असेल तरच पायऱ्या कुठे एकेक चौकोनाच्या घ्यायच्या आणि कुठे तीनच्या, हे कळतं. नवीन पोरं घाई करून थेट चौकोन भरायला बसायची. त्यांचा मोर काठीसारखा उभा. लांबून ओळखू यायचं की हा थेट ग्राफवर जन्मलाय.

मालकही साध्या कागदावरच बोलायचे. पेन्सिल मागून घ्यायचे, तुरा मोठा करायचे, एक पान कमी करायचे. ग्राफ झाल्यावर कुणी हात लावत नसे.

आणि त्या पक्क्या हिशोबवाल्यांचंही खरं आहे. कार्डं पंच झाली की बदल म्हणजे तेवढी कार्डं परत. म्हणून आमच्याकडे रीत होती, ग्राफला बसायच्या आदल्या दिवशी मालकाला कागद शेवटचा दाखवायचा आणि विचारायचं, "बसू का?" ते "बसा" म्हणाले की मग एक रेघही बदलायची नाही. सही नव्हती, पण तो शब्द मोडल्याचं मला आठवत नाही.

---

हुतात्मा_एक्सप्रेस | रविवार संध्याकाळी ५:५०

काका, नमस्कार करतो. गाडीत बसलोय, कुर्डुवाडी आली, तुमचं लिहिणं दोनदा वाचलं. उद्यापासून आमच्या टीममध्ये कोडला हात लावण्याआधी "बसू का?" असं विचारायची पद्धत सुरू करतो.

---

डावखुरी | रविवार संध्याकाळी ६:३०

कुणी नवीन घेणार असेल तर माझ्या उपयोगी पडलेल्या गोष्टी.

स्क्रीन नसलेली पाटी घेतलीत तर पहिला आठवडा हात एकीकडे आणि डोळे एकीकडे असं होतं. सोडून देऊ नका, आठवड्यात बसतं. पण आधी सेटिंगमध्ये पाटीचं क्षेत्र स्क्रीनच्या प्रमाणात करून घ्या. पाटीची लांबी-रुंदी आणि स्क्रीनची लांबी-रुंदी यांचं प्रमाण जुळलं नाही तर गोल काढला की अंडं उमटतं. मी १५ दिवस माझ्याच हाताला दोष देत होते. डावखुऱ्यांनी पाटी उलटी फिरवून सेटिंगमध्ये डावा हात निवडायचा, म्हणजे बटणं तळहाताखाली येत नाहीत.

पेनात दोन प्रकार आहेत. एकाला बॅटरी लागतच नाही. पाटीखालच्या तारांच्या जाळीतून पेनाला चुंबकीय क्षेत्राने ऊर्जा मिळते, वॅकॉमची पेनं अशी असतात. दुसरी चार्ज करावी लागतात. कारखान्यात दिवसभर फिरायचं असेल तर पहिला प्रकार बिनघोर. रबराच्या टोकाची स्वस्त पेनं आखणीसाठी घेऊ नका. ती स्क्रीनला बोटासारखीच वाटतात, तळहात टेकला की गोंधळ.

दाबाच्या ८१९२ पातळ्या वगैरे आकड्यांवर जाऊ नका. चौकटी आणि बाण काढायला त्याचा काही फरक पडत नाही. फरक पडतो तो पेन आणि रेघ यांच्यात किती वेळ जातो त्याने. ॲपलने २०१९ मध्ये आपल्या पेन्सिलीचा हा वेळ २० मिलिसेकंदांवरून ९ वर आणल्याचं जाहीर केलं होतं. रेघ मागे रेंगाळली की माणूस हळू काढतो, आणि हळू काढणारा माणूस नीट काढायला लागतो, आणि मग ताई म्हणतात तेच होतं. दुकानात घेण्याआधी भराभर सही करून बघा.

आणि आपला उन्हाळा. एप्रिल-मेमध्ये चाळिशीच्या वर पारा गेला की तळहात काचेला चिकटतो, रेघ अडते. चित्रकार घालतात तो दोन बोटांचा हातमोजा मला उकडतो. मी हाताखाली टर्किश टॉवेलचा छोटा तुकडा ठेवते. सोलापुरात त्याची ददात नाही.

---

निरंतर_शिकाऊ | रविवार रात्री ८:१५

एक नवीन बाजू. आता कच्च्या चित्रावरून थेट चालणारं सॉफ्टवेअर बनवता येतं. टीएलड्रॉ या फळ्याच्या ॲपवाल्यांनी नोव्हेंबर २०२३ मध्ये 'मेक रिअल' आणलं. चौकटी काढा, बटण दाबा, शेजारी चालतं वेबपान. मी करून बघितलं, हिशोबाचा छोटा तक्ता अर्ध्या मिनिटात उभा राहिला. मग कच्चं ठेवायचं कशाला? ग्राहकासमोरच पक्कं करून दाखवा ना. चुकलं तर लगेच परत काढा.

---

आडवा_धागा | रविवार रात्री ९:३०

मी हे एकदा केलंय, म्हणून सांगते. एका टॉवेलच्या कारखान्यात, मालाच्या गाठी (गठ्ठे) बांधायच्या विभागात. तिथले मुकादम आणि मी, आम्ही दोघांनी मिळून चांगलं चित्र काढलं होतं. त्यात जिथे ठरलं नव्हतं तिथे मोकळी जागा होती आणि मुकादमांनी तिथे प्रश्नचिन्ह काढलं होतं. मी बटण दाबलं. सुंदर पान आलं. प्रश्नचिन्हाच्या जागी यंत्राने एक रकाना स्वतःच घालून टाकला होता, 'एकूण वजन'. मुकादम बघून म्हणाले, छान. तेच "छान". गाठीचं वजन सुकं धरायचं की ओलाव्यासकट, हा त्यांचा प्रश्न होता आणि तो त्या पानात दिसेनासा झाला.

मला ते तंत्र फार आवडतं. ऑफिसात आम्ही वापरतो, रात्री वाक्यं लिहून झाल्यावर, आपल्याला काय विचारायचं राहिलं ते शोधायला. पण बैठकीत नाही. दिवाणजींची चौकट सरळ झाली तेव्हा फक्त रेघ बदलली होती. इथे त्यांचा प्रश्नच पुसला गेला.

---

पक्का_हिशोब | रविवार रात्री १०:१०

वाक्यांवर सही, ही गोष्ट पटली. आधी कधी सुचली नव्हती. येत्या गुरुवारी होटगी रोडला एका नवीन कामाची पहिली बैठक आहे. यावेळी छापील काही नेणार नाही. वही आणि दोन पेनं नेतो, एक त्यांच्यासाठी. काय झालं ते इथे लिहीन.

---

जुळे_सोलापूरकर | रविवार रात्री १०:२५

ताई, एक राहिलं. त्या दिवाणजींनी तेलुगूत काय लिहिलंवतं?

---

आडवा_धागा | रविवार रात्री १०:४०

'बदुलु'. एकाच्या जागी दुसरा. मला तेव्हा वाचता आलं नाही, मी त्यांनाच विचारलं. डेटाबेसमध्ये त्या मधल्या तक्त्याचं नाव आम्ही तेच ठेवलंय, आणि मजुरीच्या स्क्रीनवर तो रकाना उघडला की वर त्यांच्या हातचं अक्षर दिसतं. पेनाने लिहिलेलं होतं, तसंच उचलून लावलं.